श्रमलेले पाय, रात्रीची चुळबूळ आणि आपला 'वात'

पिंपळगाव बसवंत परिसरात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, की चिकित्सालयातील सायंकाळच्या रुग्णांमध्ये एक तक्रार हटकून वाढते. "दिवसभर काम करताना काही वाटत नाही, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की पाय स्वस्थ बसू देत नाहीत." कोणाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, कोणाची पोटरी आपोआप फुरफुरते, तर कोणाला पाय सारखे हलवावेसे, चोळावेसे, आपटावेसे वाटतात. बागेत मांडवाखाली हात वर करून दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया, बाजार समितीच्या आवारात टोमॅटोचे क्रेट वाहणारे हमाल, चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले भाविक आणि पोलीस भरतीसाठी पहाटे अंधारात धावणारी मुले-मुली, असा हा संमिश्र वर्ग आहे. श्रमाचे कारण प्रत्येकाचे वेगळे. रात्रीची तक्रार मात्र कानाला एकसारखीच लागते.

ती कानाला एकसारखी लागते, म्हणून आपण तिला एकच नाव देतो. नाडीवर हात ठेवतो, 'वात आहे' असे म्हणतो, महानारायण तेल आणि एखादा गुग्गुळ लिहून देतो. रुग्णालाही हा शब्द परिचित असल्याने तो समाधानाने जातो. कित्येकदा तो आपल्यापर्यंत येतही नाही. औषधालयाच्या फळीवर 'पायाच्या वातावर काहीतरी द्या' असे म्हणून दोन वस्तू घेऊन परततो. या पद्धतीत कोणाचा दुष्ट हेतू नसतो. परंतु श्रमानंतर रात्री छळणाऱ्या पायांना 'वात' एवढेच म्हणणे हे अर्धे निदान होय, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेले अर्धे पुष्कळदा रक्तात सापडते आणि तेथे पाहण्याची सूचना अन्य कोणी नव्हे, आपल्याच शास्त्राने दिलेली आहे.

एका चुकीची कबुली

हे मत मी ग्रंथ वाचून बनविलेले नाही. ते एका चुकीतून आले आहे आणि ती चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी पश्चिमेकडील आदिवासी तालुक्यांतून बागकामासाठी आलेल्या टोळीतील एक स्त्री माझ्याकडे येऊ लागली. वय पस्तिशीच्या आसपास. तिची तक्रार तिच्या शब्दांत अशी होती : "पायात काहीतरी वळवळतं. उठून चाललं की थांबतं, पडलं की पुन्हा सुरू." रात्री ती राहुटीबाहेर फेऱ्या मारी, सोबतच्या बायकांची झोपमोड होई म्हणून त्या चिडत. मी वातव्याधीची चौकट मनात धरून तेल, गुग्गुळ आणि काढा दिला. दोन दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. छाटणीपासून काढणीपर्यंत सुमारे चार महिने ती येत राहिली आणि मी तेलाचे नाव व गुग्गुळाचा प्रकार बदलत राहिलो. तिच्या हातखर्चातून माझ्या औषधांचे पैसे जात होते, हेही येथे नोंदविले पाहिजे.

पुढे एका आरोग्य तपासणीत तिचे हिमोग्लोबिन ७.६ निघाले. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा मी प्रथमच तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. पांढुरकेपणा इतका उघड होता, की तो दिसला नाही असे म्हणण्याची सोय नव्हती. मी पाहिलेच नव्हते. मग विचारले, तेव्हा कळले, की दोन वर्षांपासून पाळी आठ-नऊ दिवस चालते. पदराच्या गाठीला कच्चे तांदूळ बांधलेले असत आणि काम करता करता ती ते चघळत असे. पाळीविषयी विचारण्यास मी संकोचलो होतो. कच्च्या तांदळांची गाठ मी अनेकदा पाहिली होती. तिचा अर्थ मनात उमटला नव्हता.

शरीरातील लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन ५ निघाले. सिकलसेलची तपासणी नकारार्थी आली. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवून रक्तस्रावाचा उपाय झाला आणि लोह सुरू झाले. तिसऱ्या महिन्यात तिने निरोप पाठविला, की आता रात्रभर झोप लागते. हे माझ्या तेलाने झाले नाही.

चरकाचार्यांनी हे सांगितलेच होते

त्या रात्री मी चरकसंहिता काढून बसलो. आपण सारे पायाच्या तक्रारीसाठी चिकित्सास्थानाचा अठ्ठाविसावा अध्याय उघडतो. तेथे खल्ली आहे. पाय, पोटरी, मांडी व हाताचे मूळ पिळवटून काढणारी म्हणून तिचे वर्णन आहे. सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायातील ऐंशी नानात्मज वातविकारांत पादशूल, पादसुप्तता आणि पिंडिकोद्वेष्टन आहे. त्यामुळे 'वात' हे आपले उत्तर शास्त्राबाहेरचे नाही.

परंतु तोच 'पिंडिकोद्वेष्ट' हा शब्द चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायातही आहे. तो अध्याय पांडुरोगाचा. पांडूच्या सामान्य लक्षणांचा शेवट करताना चरकाचार्य सांगतात, की चढण चढल्याने आणि आयासाने अशा रुग्णाच्या पोटऱ्या वळतात, कंबर, मांड्या व पाय दुखतात आणि गळून जातात. आरोहण आणि आयास, हे दोन्ही शब्द तेथे स्पष्ट आहेत. गडाच्या पायऱ्या चढलेला भाविक आणि दिवसभर बागेत राबलेली स्त्री यांचे पाय कोणत्या अध्यायात शोधावेत, याचे उत्तर यापेक्षा सरळ असू शकत नाही. आपण बी.ए.एम.एस.च्या परीक्षेसाठी ही लक्षणे पाठ केली, गुण मिळविले आणि पुढे चिकित्सालयात बसल्यावर त्या अध्यायाचे पान पुन्हा उलटले नाही.

याच अध्यायात पांडूचे पाच प्रकार सांगताना माती खाण्याने होणारा पांडू स्वतंत्र गणला आहे. आज आधुनिक शास्त्र माती, कच्चे तांदूळ, खडू, बर्फ खाण्याच्या ओढीचा संबंध लोहाच्या कमतरतेशी जोडते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, याविषयी दोन्ही शास्त्रांची मांडणी भिन्न असली, तरी ही सवय आणि हा रोग एकत्र आढळतात, हे निरीक्षण दोहोंचे आहे. पदराच्या गाठीतील तांदूळ म्हणजे समोर ठेवलेले लक्षण होते.

एक 'वात', तीन तक्रारी

'रात्री पाय त्रास देतात' या वाक्याखाली निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या वेगळ्या करण्यास यंत्र लागत नाही. दोन मिनिटे आणि नीट विचारलेले प्रश्न पुरतात.

पहिली, उद्वेष्टन म्हणजेच पेटके. पोटरी एकाएकी दगडासारखी कठीण होते, तीव्र वेदना होते, हाताला गोळा लागतो. पाऊल वर ओढून धरले की काही वेळात तो सुटतो. अतिश्रम, उन्हात घाम जाऊनही पाणी न पिणे, गरोदरपण, वार्धक्य आणि लघवी वाढविणारी औषधे ही तिची नेहमीची पार्श्वभूमी.

दुसरी, स्फुरण. स्नायूचा लहानसा भाग त्वचेखाली फुरफुरतो, वेदना बहुधा नसते. कठोर व्यायामानंतर, चहा-कॉफी जास्त झाल्यास किंवा जागरणाने निरोगी माणसातही हे होते आणि बहुतेकांत निरुपद्रवी असते. परंतु फुरफुरण्याबरोबर पायातील बळ कमी होत असेल, चालताना पाऊल घसटत असेल किंवा पोटरी बारीक होत चालली असेल, तर तेल लावीत न बसता रुग्णाला मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे.

तिसरी, चुळबूळ. येथे पेटका नसतो आणि पुष्कळदा वेदनाही नसते. पाय हलविण्याची अनावर ओढ असते. ती विश्रांतीत सुरू होते, हालचालीने शमते आणि सायंकाळी वा रात्री वाढते. यांपैकी काहींच्या घरची माणसे सांगतात, की झोपेतही पाय ठरावीक अंतराने झटकले जातात. इंग्लंडमधील थॉमस विलिस याने १६७२ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले आणि १९४५ च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल-अॅक्सेल एकबोम याने तिला 'अस्वस्थ पायां'चे नाव दिले. लोहाच्या कमतरतेशी असलेला तिचा संबंध त्याच काळापासून चर्चेत आहे. मेंदूतील डोपामिन तयार होण्यास लोह लागते, म्हणून रक्तातले हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा उणा असल्यास हा त्रास होऊ शकतो. याच कारणाने सध्याच्या आधुनिक मार्गदर्शक सूचनांत अशा प्रौढ रुग्णाचे फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर १५ किंवा २० हा आकडा 'सामान्य' म्हणून छापलेला असतो. तो या रुग्णासाठी सामान्य नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. ज्वर किंवा शोथ असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, हेही ध्यानात असावे.

प्रश्न असा येईल, की या चुळबुळीचा श्रमाशी काय संबंध? नियमित, बेताचा व्यायाम हा त्रास कमी करतो. परंतु सायंकाळी उशिरा केलेला कठोर व्यायाम तो वाढवितो, असा पुष्कळ रुग्णांचा अनुभव आहे. याशिवाय एक खोल संबंध आहे. दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात तळपायांच्या आघाताने काही रक्तकण फुटतात आणि घामातून व आतड्यातून थोडे लोह जाते. कठोर व्यायामानंतर काही तास यकृतातून हेप्सिडिन हे द्रव्य अधिक स्रवते, त्यामुळे त्या वेळी लोहाचे शोषणही मंदावते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या लहानशा गावच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात मुली धावताना दिसणे ही नवलाची गोष्ट राहिली नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मासिक पाळी सुरू असलेली, घरी उरलेसुरले जेवणारी आणि पहाटे दहा किलोमीटर धावणारी मुलगी रात्री पाय हलवीत पडून राहते, तेव्हा तिला वातहर तेल देऊन परत पाठविणे हा तिच्या कष्टांचा अवमान आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. म्हणजे आपल्यासमोर बसलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीला तो असण्याचा संभव आधीपासूनच आहे.

जेथे खरोखरच श्रम आहे

याचा अर्थ प्रत्येक थकलेल्या पायाची रक्ततपासणी करावी, असा नाही. वर्षातून एकदा गडावर चालत गेलेल्या तरुणाचे पाय दोन रात्री वळले, तर तो निव्वळ श्रम आहे आणि तेथे आपले शास्त्र समर्थ आहे.

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, ही वाग्भट व सुश्रुत यांची मर्यादा आजच्या भरतीच्या मुलांना हास्यास्पद वाटते, कारण मैदानावर पूर्ण शक्ती लावल्याशिवाय गुण मिळत नाहीत. त्यांना ही मर्यादा मी अशी समजावतो : आजची शक्ती ओळखा, तिच्या अर्ध्यापासून सुरुवात करा आणि शक्ती वाढेल तसा सराव वाढवा. बल वाढले की अर्धही वाढते. महिनाभर आधी जाहिरात वाचून एकदम पाच-दहा किलोमीटर धावू लागणाऱ्याचे पाय रात्री बोलणारच.

पादाभ्यंगाचे गुण चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहेत. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, रूक्षता, श्रम आणि बधिरता त्याने शमते. आपल्या घराघरांत काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची रीत याच परंपरेतली. झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने पाय धुऊन, तिळाचे तेल किंवा तूप लावून दहा मिनिटे वाटी फिरविली, तर श्रमलेल्या माणसाला झोप लागते, हा पिढ्यांचा अनुभव आहे. पेटके येणाऱ्याने निजण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाचा जमिनीवर ठेवून पोटऱ्या ताणाव्यात. या साध्या उपायाने वृद्धांतील रात्रीचे पेटके कमी झाल्याचे आधुनिक प्रयोगातही दिसले आहे. उन्हात काम करणाऱ्यास पाण्याबरोबर मीठ-साखरेचे सरबत किंवा ताक सांगावे. मात्र रक्तदाब वा वृक्कविकार असल्यास मिठाचा सल्ला देऊ नये.

श्रमहर महाकषायातील दहा द्रव्यांत चरकाचार्यांनी पहिले नाव द्राक्षेचे घेतले आहे. पुढे खजूर, बोर, डाळिंब, अंजीर, ऊस, जव, साठेसाळीचा तांदूळ अशी सारी आहाराचीच द्रव्ये आहेत. ज्या गावाची द्राक्षे परदेशी जातात, त्या गावच्या बागेत राबणाऱ्या स्त्रीच्या पानात मात्र भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वर कडक चहा असतो. जेवणाबरोबरचा चहा अन्नातील लोहाचे शोषण घटवितो, म्हणून चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा आणि जेवणात लिंबू, आवळा वा पेरू असावा, एवढे सांगण्यास पैसे पडत नाहीत. अळिवाची खीर, डाळी, पालेभाज्या, ज्यांना चालते त्यांना मांसाहार, हे सर्व सांगावे. परंतु हिमोग्लोबिन सात असलेल्या रुग्णाला केवळ आहारावर ठेवणे हाही आपल्या शास्त्राचा अतिरेकच ठरेल.

औषधालयचालक बंधूंना विनंती

या त्रैमासिकाचे वाचक असलेल्या औषधालयचालकांशी मला स्वतंत्रपणे बोलावयाचे आहे. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही. कायद्याने आपल्यावर टाकलेला हा विश्वास आहे आणि म्हणूनच जबाबदारी अधिक आहे.

'पायाच्या वातावर' म्हणून फळीवरून सहज दिल्या जाणाऱ्या औषधांत कुचल्याचे कल्प असतात. कुचल्यातील स्ट्रिक्निन मज्जारज्जूतील आवर घालणारी यंत्रणा रोखते, त्यामुळे स्नायू अधिक उत्तेजित होतात; मात्रा वाढल्यास झटके येतात. ज्याचे पाय आधीच फुरफुरत आहेत त्याला 'एकाऐवजी दोन घ्या' असे सांगून विषतिंदुक वटी देणे हे किती विपरीत आहे, याचा विचार व्हावा. शोधित कुचला योग्य मात्रेत उपयुक्त आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु तो वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावयाचा आहे. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये त्याचा समावेश आहे आणि तशी सावधगिरीची सूचना वेष्टनावर छापलेली असते. पारद, नाग यांसारख्या द्रव्यांचे कल्प महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही हेच लागू आहे. कोणी बिनलेबलाच्या पुड्या 'हमखास गुण' म्हणून ठेवावयास देत असेल, तर त्या हमखास गुणात काय मिसळले आहे, याची शंका घेऊन त्या नाकाराव्यात.

हल्ली मॅग्नेशियमच्या गोळ्या पेटक्यांवर म्हणून खपतात. वृद्धांतील पेटक्यांवर त्यांचा सांगण्याजोगा उपयोग होत नाही, असाच उपलब्ध संशोधनाचा २०२० मधील आढावा सांगतो. वृक्क दुर्बल असल्यास त्या अपायकारकही ठरतात. भरतीच्या मुलांना धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय लागली आहे. घाम जाऊन शरीर कोरडे पडलेले असताना या गोळ्या वृक्कांवर आघात करतात, हे त्यांना फळीवरूनच सांगता येईल. आणि झोपेसाठी सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या कोणी मागितल्या, तर पायांची चुळबूळ त्यांनी वाढते, हे अवश्य सांगावे. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि मनोविकारांवरची काही औषधे यांनीही ती वाढते. मात्र चालू असलेली औषधे रुग्णाने परस्पर बंद करू नयेत. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांच्याकडेच त्याला पाठवावे.

काही गिऱ्हाइके अशी असतात, की त्यांना काहीही न देता तातडीने रुग्णालयाची वाट दाखवावी. अतिव्यायामानंतर स्नायू सुजून लघवी काळपट-तांबूस होणारा तरुण, एकच पाय सुजून तापलेला व दुखणारा प्रवासी, पायाचे बळ जात चाललेला कोणीही. अशांना तेलाची बाटली देऊन परत पाठविल्यास बाटलीची किंमत मिळेल, माणूस जाईल.

लोहाविषयीही तारतम्य हवे. आमच्या जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेलचा विकार आढळतो. त्यातही पांडुता असते, श्रमाने व पाणी कमी पडल्याने हातपाय दुखतात, परंतु तेथे न तपासता लोहाचा मारा करणे योग्य नव्हे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याअंतर्गत होणाऱ्या तपासणीचा आपण लाभ करून द्यावा. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी सापडल्यास रक्त कोठून जाते आहे, अर्श आहे की पोटात व्रण वा अर्बुद आहे, हे शोधल्यावाचून नवायस लोह वा पुनर्नवा मंडूर देत राहणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे होय.

एका आक्षेपाचे उत्तर

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील, की हा लेखक आयुर्वेदाला प्रयोगशाळेच्या दारी नेऊन बसवीत आहे. उद्वेष्टन वातावाचून होत नाही, मग 'वात' म्हणण्यात चूक ती काय? मी त्यांच्या पहिल्या विधानाशी सहमत आहे. वातावाचून पाय हलत नाही. निरोगी माणसाचाही हलत नाही. परंतु वात कुपित का झाला, हा प्रश्न चरकाचार्यांनी मोकळा सोडलेला नाही. धातुक्षयाने आणि मार्गाच्या आवरणाने, अशी दोन कारणे त्यांनी वातव्याधीच्या अध्यायातच दिली आहेत. रक्तधातूच्या क्षयाने चाळवलेला वात केवळ बाहेरून तेल लावून किती काळ शांत राहणार? त्या स्त्रीला दोन दिवस बरे वाटे आणि पुन्हा त्रास होई, याचे कारण हेच. मी कार्याची चिकित्सा करीत होतो, कारण तसेच राहिले होते. डोळ्यांच्या पापण्या, जीभ आणि नखे पाहून रक्तक्षय ओळखणे ही आपली दर्शनपरीक्षा आहे. प्रयोगशाळा तिला आकड्यांची जोड देते, एवढेच.

आपल्या मर्यादाही मान्य कराव्यात. लोहाचा साठा पुरेसा असून, वृक्क, मधुमेह, गरोदरपण आणि अन्य औषधे यांचा विचार करूनही चुळबूळ कायम राहणारे रुग्ण असतात. काहींत ती घराण्यात चालत आलेली असते. आपल्या तेलांनी व कषायांनी अशा रुग्णांना किती उपयोग होतो, याचा मोठ्या प्रमाणावरचा नीट पुरावा आपण अद्याप उभा केलेला नाही. तोवर 'समूळ नाश' हे शब्द आपल्या फलकांवर शोभत नाहीत. आधुनिक वैद्यकानेही येथे आपली चूक सुधारली आहे. ज्या डोपामिनसदृश गोळ्या वर्षानुवर्षे प्रथम म्हणून दिल्या जात, त्यांनीच काही काळाने त्रास वाढतो, हे लक्षात आल्यावर २०२५ मध्ये अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने त्या नित्य वापरू नयेत, असा सल्ला दिला आणि लोहाच्या तपासणीला अग्रस्थान दिले. स्वतःचे उत्तर तपासून पाहण्याची ही तयारी आपल्यातही असावी.

माझी सूचना साधी आहे. रात्रीच्या पायांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर चार ओळी लिहिल्या जाव्यात. त्रास पेटक्याचा, फुरफुरण्याचा की चुळबुळीचा? पापण्या, जीभ व नखे कशी आहेत? रक्त कोठून जाते का. पाळी, अर्श, कृमी, आणि माती वा तांदूळ खाण्याची ओढ आहे का? आणि सध्या कोणती औषधे सुरू आहेत? चुळबूळ असेल किंवा पांडुता दिसेल, तेथे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासावे. औषधालयचालकांनी पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा तेच तेल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला 'एकदा वैद्यांना दाखवा' एवढे म्हणावे. आपल्या संघटनेच्या शाखांनी अशा केसपेपरांच्या नोंदी वर्षभर ठेवल्या, तर याच पानांवर अनुमानाऐवजी आपल्याच रुग्णांची माहिती मांडता येईल.

ती स्त्री पुढच्या हंगामात टोळीबरोबर पुन्हा आली. या वेळी ती स्वतःसाठी आली नव्हती. सोबत सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी होती. "हिचेबी पाय रात्री वळवळतात," ती म्हणाली आणि मी काही विचारण्याआधीच तिने त्या मुलीची खालची पापणी बोटाने ओढून मला दाखविली. चार महिने मला जे सुचले नाही, ते ती एका रक्ततपासणीत शिकली होती. आपणही शिकावे, एवढीच नम्र विनंती.